टोंगळ्याचं दुखणं आणि चरबीचा निरोप

गुडघ्याला आपल्या वऱ्हाडात टोंगळा म्हणतात, म्हणून मीही आज टोंगळाच म्हणणार आहे. टोंगळे का दुखतात असं कोणत्याही गटात विचारलं तर ठरलेली उत्तरं येतात. कोणी म्हणते वात आहे, कोणी म्हणते वय झालं, कोणी म्हणते आतलं ग्रीस संपलं. एखादी जाड बाई असली तर बाकीच्या तिच्याकडे पाहून हसतात अन् म्हणतात, वजन कमी कर ना मग. आजचं बोलणं या शेवटच्या उत्तराबद्दल आहे. वजनाचा अन् टोंगळ्याचा संबंध माणसाला कसा कळत गेला, त्याचा हा इतिहास आहे. त्यात अमेरिकेतलं एक गाव आहे, एक जाडा उंदीर आहे, आपलं भिगवण आहे, अन् पुण्यातले एक डॉक्टर आहेत.

आधी दुखणं कोणतं ते ठरवू. सांध्याचे आजार पुष्कळ आहेत. आमवात वेगळा, त्यात सांधे सुजतात, सकाळी बराच वेळ आखडलेले असतात, अन् तो कमी वयातही होतो. आपण बोलतोय तो झिजेचा संधिवात. हाडाच्या टोकावर गुळगुळीत गादी असते, तिला कूर्चा म्हणतात. ती झिजते, हाडाच्या कडेला काटे वाढतात, आतलं अस्तर सुजतं. आयुर्वेदाने याला संधिगत वात म्हटलं. एक्स-रेचा शोध १८९५ साली लागला तेव्हापासून हाडांमधली जागा कमी झालेली डोळ्यांना दिसू लागली. डॉक्टर सांगतात ना, ‘तुमचं थर्ड ग्रेड झालंय’? ते माप केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन इंग्रज डॉक्टरांनी १९५७ साली बसवलं. आजही तेच चालतं.

पण एक्स-रेने झीज दाखवली, कारण नाही सांगितलं. जाड बायांना हे दुखणं जास्त होतं हे डॉक्टरांना दिसत होतं. तरी वाद असा होता की जाडीमुळे टोंगळे दुखतात, की टोंगळे दुखतात म्हणून चालणं बंद होतं अन् बाई जाड होते? आधी कोण, मागून कोण?

याचं उत्तर अमेरिकेतल्या बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम नावाच्या गावाने दिलं. तिथे १९४८ साली हृदयाच्या आजाराचा अभ्यास सुरू झाला. पाच हजारांवर माणसं वर्षानुवर्षं तपासली, त्यांची वजनं लिहून ठेवली. पुढे १९८३ ते १९८५ मध्ये त्यातल्या जिवंत असलेल्या माणसांच्या टोंगळ्यांचे एक्स-रे काढले आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची वजनं त्यांच्या शेजारी ठेवून पाहिली. निकाल १९८८ साली आला. तरुणपणी ज्या बाया सगळ्यांत जाड होत्या, त्यांना म्हातारपणी टोंगळ्यांची झीज होण्याचा धोका साधारण दुप्पट निघाला. म्हणजे वजन आधी, दुखणं मागून. १९९२ साली त्याच गावातून दुसरी गोष्ट कळली. ज्या बायांचं वजन दहा वर्षांत पाच किलोच्या आसपास उतरलं, त्यांचा दुखऱ्या टोंगळ्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. पन्नास किलो नाही मैत्रिणींनो, पाच किलो. मला तर हा आकडा फार दिलासा देणारा वाटतो.

एक रजिस्टर नीट लिहून ठेवलं तर चाळीस वर्षांनी ते काय कामाला येतं पहा. आपल्या गटाच्या वह्या लिहायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी हे सांगून ठेवते.

तर हिशेब सोपा वाटला. बंडीवर जास्तीची पोती घातली की आख लवकर झिजतो, तसंच हे. पुढे २००५ साली अमेरिकेतच मोजून दाखवलं की अंगातलं एक किलो वजन उतरलं की टाकलेल्या प्रत्येक पावलामागे टोंगळ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. वावरात एका तासात कितीदा पाऊल उचलतो, तेवढ्याने गुणा.

पण या बंडीच्या हिशेबात एक खोट होती, अन् ती डॉक्टरांना बरीच वर्षं टोचत होती. जाड माणसांची हाताच्या बोटांची पेरंही जास्त झिजतात. आता हातावर काय कोणी चालतं? बोटांवर पोटाचा भार येतो का? येत नाही. मग चरबी बोटापर्यंत पोहोचते कशी?

इथे उंदीर येतो. अमेरिकेच्या मेन राज्यात जॅक्सन प्रयोगशाळा आहे, तिथे संशोधनासाठी उंदीर पाळतात. १९४९ साली तिथे काही पिल्लं भलतीच जाड निघाली. ती सारखी खायची, पोट भरल्याचं त्यांना कळायचंच नाही. नेहमीच्या उंदराच्या तिपटीपर्यंत त्यांचं वजन जायचं. त्याच प्रयोगशाळेत डग्लस कोलमन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी दोन उंदरांची कातडी शेजारी-शेजारी शिवून टाकली, म्हणजे एकाचं थोडं रक्त दुसऱ्यात जाईल. ऐकायला वाईट वाटतं, पण पुढे काय झालं ते ऐका. जाडा उंदीर साध्या उंदराला जोडला तर जाड्याने खाणं कमी केलं. म्हणजे साध्या उंदराच्या रक्तातून ‘बस झालं’ असा काहीतरी निरोप येत होता आणि जाड्याच्या अंगात तो निरोपच तयार होत नव्हता. १९७३ पर्यंत कोलमन यांना एवढं कळलं होतं. निरोप कोणता अन् कुठून निघतो, ते मात्र हाती लागत नव्हतं. चरबी म्हणजे साठवणीची कणगी, एवढंच तेव्हा सगळे मानत होते. कणगी कधी बोलते का?

बोलते, हे १९९४ साली सिद्ध झालं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने आठ वर्षं खपून तो जनुक शोधला. तो चरबीच्या पेशींतच काम करत होता. त्यातून जो संप्रेरक बनतो त्याला लेप्टिन नाव दिलं, ग्रीक भाषेत लेप्टोस म्हणजे बारीक. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागातून रक्तात सुटणारा अन् दूरच्या भागाला काम सांगणारा निरोप्या. इन्सुलिन तसंच, थायरॉईडचं तसंच. चरबीही त्याच रांगेत येऊन बसली. कोलमन आणि फ्रीडमन दोघांना २०१० साली लास्कर पुरस्कार मिळाला, वैद्यकातला मोठा मान आहे तो.

लेप्टिन मिळाल्यावर झुंबड उडाली. अॅडिपोनेक्टिन नावाचा दुसरा निरोप्या १९९५-९६ च्या सुमारास अमेरिकेत आणि जपानमध्ये वेगवेगळा सापडला. त्याची चाल उलटी, चरबी वाढली की तो कमी होतो. २००१ मध्ये रेझिस्टिन सापडलं. या सगळ्या चरबीच्या निरोप्यांना मिळून अॅडिपोकाइन म्हणतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं की लेप्टिनची सुई टोचली की जगातली जाडी संपली. इंग्लंडमध्ये पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली दोन मुलं अशी होती की जन्मापासून त्यांच्या अंगात लेप्टिन बनतच नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो होतं. १९९७ साली त्यांचं कारण कळलं, पुढे लेप्टिन दिलं अन् मुलीची भूक आणि वजन खरंच उतरलं. पण बाकीच्या जाड माणसांचं रक्त तपासलं तर उलटंच निघालं. त्यांच्यात लेप्टिन कमी नव्हतं, भरपूर होतं. मेंदू ऐकत नव्हता एवढंच. रोज ओरडणाऱ्या माणसाकडे घरातले जसं लक्ष देईनासे होतात, तसं.

आणि मग प्रश्न आला की मेंदू ऐकत नसेल, पण बाकीचं शरीर तर ऐकत असेल? टोंगळा ऐकत असेल का?

२००३ साली फ्रान्सच्या नॅन्सी शहरातल्या संशोधकांनी झिजलेल्या सांध्यांतलं पाणी तपासलं. त्यात लेप्टिन होतं, अन् माणूस जेवढा जाड तेवढं जास्त. झिजलेल्या कूर्चेतही लेप्टिन भरलेलं दिसलं, निरोगी कूर्चेत क्वचितच. पुढे इतरांनी दाखवलं की कूर्चेच्या पेशींना लेप्टिनचा निरोप पकडता येतो, आणि सूज वाढवणाऱ्या इतर पदार्थांच्या जोडीने तो आला की पेशी कूर्चा कुरतडणारी विकरं सोडू लागतात. बोटांच्या पेरांचं कोडं इथे थोडं सुटतं. भार बोटावर येत नाही, पण रक्त तर बोटापर्यंत जातं.

टोंगळ्यात तर आणखी एक गोष्ट आहे. वाटीच्या खाली, आतमध्ये, चरबीचा एक छोटा गोळा प्रत्येकीला असतो. जर्मनीचे डॉक्टर हॉफा यांनी १९०४ मध्येच त्याच्या आजाराबद्दल लिहिलं होतं. तेव्हा तो नुसता उशीसारखा समजला जायचा. आता कळतं की तो गोळाही हे निरोपे सोडतो, तेही सांध्याच्या अगदी लगत बसून.

मला सगळ्यात पटलेला पुरावा २००९ चा आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या जुन्या जाड्या उंदरांच्या जातीचे टोंगळे तपासले. लेप्टिनचा निरोपच चालत नाही असे हे उंदीर, जाडीने फुगलेले. बंडीचा हिशेब खरा असता तर त्यांचे टोंगळे पार झिजायला हवे होते. झिजले नव्हते! भार होता, निरोप नव्हता, म्हणून झीज नव्हती. नंतर २०२१ साली उलट बाजू पाहिली. ज्यांच्या अंगात चरबीच तयार होत नाही अशा उंदरांच्या टोंगळ्याला मुद्दाम इजा केली, तरी त्यांची कूर्चा बऱ्यापैकी टिकली. मग त्यांना दुसऱ्या उंदराची थोडीशी चरबी बसवली, अन् त्यांचीही कूर्चा बिघडू लागली. भाराने झीज होत नाही असा याचा अर्थ नाही. भार आणि निरोप दोन्ही मिळून काम करतात, हे यातून घ्यायचं.

आता म्हणाल, या अमेरिकेतल्या जाड्यांच्या गोष्टी आम्हाला कशाला? आमच्या बाया तर काड्या झाल्यात कापूस वेचून वेचून.

म्हणूनच भिगवणला जाऊ. पुणे जिल्ह्यातलं हे गाव, सोलापूर रस्त्यावरचं. जागतिक आरोग्य संघटना आणि सांधेरोगाच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८१ मध्ये गावोगाव सांधेदुखी मोजायचा एक कार्यक्रम काढला होता. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये तो भिगवणला सुरू केला. शिकवून तयार केलेले स्वयंसेवक घरोघर गेले, चार हजारांहून जास्त मोठ्या माणसांना विचारलं, मग डॉक्टरांनी तपासलं. शंभरात साधारण अठरा जणांना हाडा-सांध्याचं दुखणं निघालं. त्यात बाया जास्त होत्या. झिजेचा संधिवात आमवातापेक्षा कितीतरी पटीने जास्त निघाला. त्याआधी खेड्यातल्या दुखण्याचे आकडे फारसे नव्हते, मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पोहोचलेल्या पेशंटवरून अंदाज बांधायचे. भिगवण काही जाड्या माणसांचं गाव नव्हतं. तुमच्या-आमच्यासारखंच शेतीवर जगणारं.

मग बारीक माणसांत काय होतं? त्याचं अर्धं उत्तर पुण्याच्याच के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात मिळतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर काम करत होते. पेशंट जाड नाही, तरी साखर का वाढते, हा त्यांचा प्रश्न. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांवर त्यांनी अभ्यास सुरू केला, गरोदरपणाच्या आधीपासून. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. आपली बाळं हडकुळी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी चिमट्याने मोजली तर ती मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी पडले होते स्नायू अन् पोटातले अवयव. दुसऱ्या एका अभ्यासात पुण्यातल्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर आपली बाळं वजनाने कमी असूनही त्यांचं लेप्टिन गोऱ्या बाळांपेक्षा कमी नव्हतं. बारीक दिसणारी पण आतून चरबीची, असं भारतीय शरीराचं वर्णन तिथून सगळीकडे गेलं.

२००४ साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी स्वतःचाच फोटो लॅन्सेट या साप्ताहिकात छापला. दोघांच्याही उंचीच्या मानाने वजनाचा आकडा सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखंच सांगत होता अन् दोघांची शरीरं वेगळी होती. मोठ्या डॉक्टरने स्वतःच्या पोटाची चरबी जगाला दाखवायची, याला मोठं मन लागतं.

हे काम मधुमेहासाठी झालं. टोंगळ्याशी त्याची गाठ मी बांधते आहे, अन् ती या कारणाने की चरबीचा निरोप वजनकाट्यावर दिसत नाही. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी बाई आपल्या प्रत्येक गटात आहे. पाळी गेल्यावर तर चरबी पोटाकडेच सरकते. तिला कोणी जाड म्हणत नाही, तीही स्वतःला म्हणत नाही. शिवाय एवढीच चरबी असली तरी बाईच्या रक्तात लेप्टिन पुरुषापेक्षा जास्त असतं. बाया टोंगळ्यांनी जास्त का बसतात याची कारणं पुष्कळ असतील, चुलीपुढचं उकिडवं बसणं आहे, निंदणाच्या ओळी आहेत, डोक्यावरचा भारा आहे. त्यांच्या जोडीला हेही एक.

आता पैशाची गोष्ट, कारण मी गटांचं काम पाहते अन् कर्जाच्या रजिस्टरमध्ये ‘कारण’ हा रकाना माझ्या नजरेखालून जातो. बी-बियाणं, शाळेची फी, अन् त्याच्यामागे दवाखाना. दवाखान्यात टोंगळे बरेच. मागे एका गटातली मावशी तपासण्यांची एक छापील यादी घेऊन आली. शिबिरात मिळाली म्हणे. बऱ्याच तपासण्यांचं पॅकेज होतं, त्यात लेप्टिनही होतं. काही हजारांचं कर्ज तिला त्यासाठी पाहिजे होतं. ‘रक्तात कळते म्हणे वं ताई, टोंगळे किती दिवस चालतीन ते.’

ते रक्तात कळत नाही. इतकी वर्षं शोध चालूनही लेप्टिन किंवा अॅडिपोनेक्टिनच्या आकड्यावरून टोंगळ्याच्या झिजेचं निदान करायची पद्धत नाही. कारणं समजून घ्या, म्हणजे कोणी समोर यादी धरली तर बोलता येईल. लेप्टिन दिवसातल्या वेळेप्रमाणे बदलतं, रात्री चढतं. उपास केला तर उतरतं. अन् मुळात ते अंगातल्या चरबीचं माप आहे. चरबी जास्त म्हणून लेप्टिन जास्त, एवढंच ते सांगतं. अॅडिपोनेक्टिनची तर साक्षच फिरते. नेदरलँड्समध्ये २०११ च्या एका अभ्यासात ज्यांच्यात ते जास्त होतं त्यांच्या हाताच्या सांध्यांची झीज कमी वाढली, अन् दुसरीकडच्या अभ्यासांत नेमकं उलटं दिसलं. झिजेचा संधिवात डॉक्टर ओळखतात तो तुमचं दुखणं ऐकून, टोंगळा हाताने तपासून, अन् लागलाच तर एक्स-रे काढून. रक्ताच्या तपासण्या सांगितल्या तर त्या बहुतेक वेळा आमवातासारखं दुसरं काही नाही ना, हे पाहायला असतात. त्या डॉक्टरांनी सांगितल्या तर करा. मावशीला कर्ज दिलं नाही असं नाही, ते तिने टोंगळ्याच्या डॉक्टरला दाखवण्यासाठी घेतलं आणि रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं.

चरबीचं माप पाहिजे असेल तर शिवणकामाचा टेप पुरतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप आवळून न धरता मोजायचं. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी २००९ साली भारतीयांसाठी वेगळी मापं छापली, गोऱ्यांची मापं आपल्याला चालत नाहीत हे याज्ञिकांसारख्यांच्या कामावरून कळलं होतं म्हणून. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत, म्हणजे साडेएकतीस इंच. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन ५३ किलोच्या वर गेलं की तिथून जास्त धरायचं. पुष्कळ जणींना हे आकडे ऐकून धक्का बसेल. मलाही बसला होता.

उपाशी राहून मात्र वजन उतरवू नका. आपल्या अंगात मुळातच स्नायू कमी, उपासाने तेही जातात, अन् टोंगळ्याला धरून ठेवणारा मांडीचा स्नायूच सैल पडला तर दुखणं वाढतं. चहातली साखर आणि भाजीवरची तर्री आधी कमी करा. तुरीचं वरण, हरभरे, चालत असेल त्यांना अंडं, हे ताटात राहू द्या. मांडीसाठी खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, दहा आकडे धरायचा, खाली ठेवायचा, मग दुसरा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. चालणं बंद करू नका. टोंगळा एकदम लाल झाला, गरम लागला, ताप आला, किंवा पडल्यावर पाय टेकवेनासा झाला तर मात्र यातलं काही करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढच्या महिन्याच्या मीटिंगला ज्यांच्याकडे शिलाई मशीन आहे त्यांनी टेप घेऊन या. मापं वहीच्या मागच्या पानावर लिहू, तारीख टाकून. आकडा दुसरीला सांगायचा की नाही हे जिचं तिने ठरवायचं.